पाणी पाजणारी आपा

"अजून दोन गिलास," असं म्हणताना ती समोरच्या बाईच्या पोटाकडे पाहत नसे, चेहऱ्याकडे पाहायची. कपाळावर बारीक आठी उमटली, पायाची बोटं चपलेत आवळली गेली, की हातातला गिलास काढून घ्यायची आणि आतल्या दाराकडे तोंड करून सांगायची, "साहेब, पिकली."

तुमच्यापैकी ज्यांनी नव्वदीच्या त्या वर्षांत सोनोग्राफी करून घेतली असेल, किंवा बायकोची पिशवी सांभाळत बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहिली असेल, त्यांना हे समजावून सांगायला नको. त्या वेळच्या मशीनला आतलं नीट दिसायचं तर मूत्राशय तुडुंब भरलेलं लागे. गडचिरोलीहून, कोरपन्याहून एसटीत हेलकावे खात आलेली बाई उतरल्याबरोबर काय विचारणार, तर बाथरूम कुठं आहे. आणि बाथरूमच्या दारासमोर स्टूल टाकून ही बसलेली. "आता नाई. आधी फोटो."

मी चंद्रपूरच्या त्या केंद्रात रिपोर्ट टाइप करायला होते. तेवीस वर्षांची होते, मूल या तालुक्याच्या गावाहून आलेली, शनिवारी संध्याकाळी घरी पळणारी. डॉक्टर मोजकं बोलणारे. ती पन्नाशीची. नवरा शिंपी होता, तो गेल्यावर काज-बटण करून करून तिचे डोळे अधू झाले, म्हणून इथं लागली. माठ भरायचे, गिलास विसळायचे, पाणी पाजायचं, एवढंच तिचं काम. सगळे तिला आपा म्हणत.

केंद्राचा एक नियम होता. रिपोर्टबद्दल पेशंटशी डॉक्टरांशिवाय कोणी बोलायचं नाही. मी तो पाळत असे, कारण मला रिपोर्ट कळत नव्हते. आपा तो रोज मोडायची, आणि डॉक्टर रागावले की म्हणायची, "मी तं फक्त पानी पाजते, साहेब." ती खोटं बोलत नव्हती. जे काही बोलायची ते गिलास भरता भरताच.

कधी कधी हे अंगाशीही येई. एकदा एका बाईच्या रिपोर्टमध्ये बाळाभोवतीचं पाणी कमी आलं. डॉक्टरांनी आराम सांगितला. तिच्या सासूनं 'पाणी कमी' एवढंच ऐकलं आणि घरी नेऊन सुनेला सकाळ-संध्याकाळ कळशीभर पाणी पाजायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी सून रडकुंडीला येऊन परत आली आणि तिनं आपाकडे बोट दाखवलं. "या बाईनंच सवय लावली."

भिंतीवर पाटी होती, की इथे मुलगा-मुलगी सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे. पाटी वाचून लोक डॉक्टरांना विचारायचं टाळत आणि आपाला विचारत. डॉक्टरांना कायदा लागू होता, पाणीवालीला कुठला, असा हिशेब असावा. कोणी कोंबडी आणे, कोणी नवे तांदूळ. आपा कोंबडी परत करायची, तांदूळही परत करायची आणि कानाशी लागून अगदी गुपित सांगितल्यासारखं सांगायची, "लेकरू हाय. मानसाचं हाय." काही जण यावरही समाधानानं मान हलवून जात.

एका दिवाळीच्या सुमाराला मूलच्या पलीकडच्या एका गावाहून एक कुटुंब आलं. कुंदा नावाची पोर, तिचा नवरा देविदास, सासू, आणि सासूच्या कडेवर कुंदाची तीन वर्षांची पहिली मुलगी. सहावा महिना नुकताच लागलेला. पोट दुखतं म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी लिहून आणली होती. पोट दुखत नव्हतं. कशासाठी आले होते ते सासूच्या हातातल्या तांदळाच्या पिशवीवरून कळत होतं.

कुंदा आत गेली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग डॉक्टरांनी मला बोलावून रिपोर्ट सांगितला. त्यात एक शब्द आला, ऑम्फॅलोसील. मी स्पेलिंग विचारलं. त्या दिवशी मी केलं ते एवढंच.

डॉक्टरांनी तिघांना बसवून नीट समजावलं. गर्भाच्या नाभीपाशी पोटाची भिंत पूर्ण मिटलेली नाही. आतड्याचा थोडा भाग नाळेच्या मुळात उतरला आहे. बाकी सगळं चांगलं दिसतंय, पण घरी बाळंतपण करायचं नाही. एका महिन्यानं परत दाखवा, नववा लागला की नागपूरला जा, तिथं जन्मल्याबरोबर ऑपरेशन होईल, मूल वाचू शकतं.

सासूनं सगळं ऐकून घेतलं. "ते ठीक हाय, साहेब. पन पोरगा हाय का पोरगी?"

डॉक्टरांनी पाटीकडे बोट दाखवलं.

बाहेर येऊन सासू बाकावर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जे इचारलं ते सांगत नाई, आनं नाई इचारलं ते सांगून राह्यला."

देविदास जमिनीकडे पाहत होता. कुंदा आपाजवळ जाऊन फक्त म्हणाली, "आता जाऊ का मी?" आपानं स्टूल बाजूला घेतलं, तिच्यासोबत स्वतः आत गेली आणि दार लावलं. दोघी बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा कुंदाचा चेहरा धुतलेला होता. तांदळाची पिशवी सासू परत घेऊन गेली.

महिना झाला. कुंदा आली नाही. आपाला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी एक दिवस गिलास विसळता विसळता ती म्हणाली, "त्या नाळवालीले महिन्यावर चार दिवस झाले." डॉक्टरांनी गावच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. शनिवारी मी पिशवी भरत होते तर आपा समोर उभी. "तू मूलले जाऊन राह्यली ना? मी बी येते."

रविवारी सकाळी आम्ही माझ्या घरून निघालो. बसनं फाट्यापर्यंत, तिथून धानाच्या कापलेल्या बांध्यांमधून पायी. वाटेत मी दोनदा विचारलं की तिथं जाऊन बोलणार काय. ती बांध ओलांडून पुढं चालू लागे.

अंगणात धानाचे भारे रचलेले होते. सासूनं आपाला ओळखलं, आणि ओळखून खूश झाली नाही. तरी रीत म्हणून तिनं गडव्यात पाणी आणून दिलं. आपा ते सगळं प्याली.

"काऊन आली नाई, बाई?"

"धान कापाचं होतं. आनं पोटातल्या लेकराची आतडी कोनाले दिसते? मले सात झाले. एकाची बी नाई दिसली."

आपानं वाद घातला नाही. "किती राह्यले सातातले?"

सासू भाऱ्यांकडे तोंड फिरवून म्हणाली, "चार."

"गावची सुईन कोन हाय? बोलाव तिले," आपा म्हणाली.

सुईण आली. सत्तरीची, तोंडात तंबाखू, आणि शहरातून आलेल्या बायका आपल्याला शिकवणार याची चेहऱ्यावर आधीच चीड. आपानं तिला मान देऊन खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसली आणि देविदासला म्हणाली, "भाऊ, तुमचा एक पायजमा आना."

त्यानं आणला. शिंप्याची बायको ती. तिनं पायजम्याची कंबर सुईणीच्या हातात दिली. "हा नेफा. हे समज नाळ. बाकीच्या पोरायचा नेफा रिकामा राह्यते. या लेकराच्या नेफ्यात नाडा हाय. तू नेहमीसारखं पोटाजवळ बांधून कापलं तं काय होते?"

सुईणीनं नेफा दोन बोटांत धरून चाचपला. आतला नाडा बोटांखाली सरकला. तिनं तंबाखू थुंकली आणि परत चाचपला.

"नाडा कटते," ती म्हणाली.

"तो नाडा नाई, माय. आतडं हाय."

आपल्या हातून आजवर कुणाचं काय कापलं गेलं असेल, हे सुईण आठवत होती की काय, मला माहीत नाही. मग तिनं विचारलं, "किती लांब बांधाचं?"

आपानं स्वतःची वीत पसरून पायजम्यावर ठेवली. "नागपूरलेच न्याचं हाय. पन घरीच अडकली, तं इतकं सोडून बांध. वरतून उकळून थंड केलेल्या पान्यात भिजवलेलं कापडाचं धडपं ठेव, साफ. कोरडं नाई. आनं लगेच जीप."

मी पाहत राहिले. महिनाभर ती डॉक्टरांना चहा देताना, दिवा मालवताना एकेक भाबडा प्रश्न विचारत होती, आणि डॉक्टर कंटाळून एकेक उत्तर देत होते, ते मला आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारपणी माणूस बडबडं होतं.

कुंदा इतका वेळ चुलीजवळच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. ती पहिल्यांदा बोलली. "मले नेतीन का नागपूरले?"

सासूनं देविदासकडे पाहिलं. त्याचा पायजमा अजून सुईणीच्या मांडीवर होता. "नेतो," तो म्हणाला. दोन्ही भेटींत मिळून त्याच्या तोंडून मी ऐकलेला तेवढाच शब्द.

सोमवारी मी डॉक्टरांना सांगून टाकलं. ते भडकले. त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. "घरी बाळंतपण करायला शिकवून आलात तुम्ही?"

"नागपूरलेच जा म्हनलं, साहेब. पन लेकरू तारीख पाहून येते का?"

"आणि तिथं कोणाला पाणी पाजायला गेला होतात?"

"तिथी तं त्यायनंच मले पाजलं."

लेकरानं तारीख पाहिली नाही. नागपूरला निघायचं ठरलं होतं त्याच्या आठ दिवस आधी, सकाळी, अर्ध्या तासात कुंदा बाळंत झाली. देविदास जीप बोलवायला फाट्यावर गेला होता, तो परत येईपर्यंत सगळं उरकलं होतं. सुईणीनं वीतभर सोडून नाळ बांधली, वर ओलं धडपं ठेवलं आणि स्वतः जीपमध्ये बसली. चंद्रपूरला केंद्रासमोर जीप पाच मिनिटं थांबली. डॉक्टर रस्त्यावर आले, धडपं उचलून पाहिलं आणि जीपच्या बोनेटवर कागद ठेवून नागपूरसाठी चिठ्ठी लिहिली. आपा माठाजवळ उभी होती. तिनं गिलास भरून कुंदाला दिला. कुंदानं तो घेतला, पण तिला पिता आलं नाही. मग आपानंच तिच्या ओठाला लावला. जीप गेल्यावर त्या दिवशी आपा स्टुलावर बसली नाही. बाकावरच्या बायका तिला न विचारता बाथरूमला जाऊन आल्या आणि डॉक्टरांची तीन तपासण्यांची पंचाईत झाली.

मूल वाचलं. दीड महिन्यानं सासू ते घेऊन केंद्रात आली. नागपूरच्या वॉर्डात ती सुनेजवळ ठाण मांडून बसली होती. आता ती बाकावरच्या प्रत्येकीला सांगत होती, "मी पयल्या दिसापासून म्हनून राह्यली होती, नागपूरले न्या." नातवंडाच्या बेंबीवरची शिवण उघडून दाखवत होती. मुलगा की मुलगी हे सांगायचं तिला सुचलं नाही. शेवटी मीच विचारलं. मुलगी होती.

सुईणीचं नाव पंचक्रोशीत गाजलं. त्यानंतर ती सरसकट सगळ्यांचीच नाळ वीतभर सोडून बांधू लागली. तालुक्याच्या दवाखान्यात लशीला येणाऱ्या बाळांच्या पोटावर सुतळीसारखं काहीतरी लोंबत असे, आणि तिथल्या नर्सला त्याचं कोडं पडलं होतं.

आमच्या डॉक्टरांनी पुढं डॉक्टरांच्या एका बैठकीत या केसवर भाषण केलं. त्याचा मजकूर मीच टाइप केला. गर्भावस्थेतच निदान कसं महत्त्वाचं, वेळेवर समुपदेशन कसं झालं, सुईणीचा सहभाग कसा मोलाचा ठरला, सगळं त्यात होतं. पायजमा नव्हता. टाळ्या वाजल्या म्हणे.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी गडचिरोलीला गेले. मध्येच कळलं की केंद्र नव्या इमारतीत गेलं, मशीन नवं आलं, थंड पाण्याचं यंत्र बसलं आणि आपाचं काम राहिलं नाही. मी जाऊन येईन म्हणाले. एक मूल झालं, दुसरं झालं. मी गेले तेव्हा ती वारून चार महिने झाले होते.

तिचा मुलगा मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. घर दुकानाच्या मागंच, वर टिनाचं छप्पर. त्यानं चहा दिला, मग कोनाड्यातून बिस्किटाचा एक मोठा डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

"बाजी," ताई म्हणावं तसं तो म्हणाला, "तुम्ही तिथी होत्या म्हनून इचारतो. हे कायचे कागद हायेत? अम्मी कोनाले हात नाई लावू दे."

डब्यात सोनोग्राफीचे फोटो होते. नीट न आलेले, हललेले, डॉक्टर टोपलीत टाकत ते. तिनं वर्षानुवर्षं उचलून ठेवले होते. पण त्या कागदावरचं चित्र उष्णतेनं उडतं, आणि चंद्रपूरचे उन्हाळे टिनाखाली गेले होते. एकावरही काही उरलं नव्हतं. गुळगुळीत, राखट, कोरे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात मात्र सुईनं घातलेला एक टाका होता. कुठं लाल दोरा, कुठं हिरवा, कुठं दोन रंग एकत्र; लिहिता न येणाऱ्या तिची प्रत्येक बाईसाठी वेगळी खूण असावी.

मी एक एक कागद खिडकीकडे धरून पाहिला. कुंदाचा कोणता असेल ते कळेना.

"कोरेच हायेत ना?" तो म्हणाला. "फेकून देऊ?"

मी त्याला एखादी पिशवी आहे का विचारलं. त्यानं दुकानातली तांब्याच्या तारेची पिशवी रिकामी केली, उलटी करून झटकली आणि दिली.