गाडीवर वारंट आहे

गाडी घरी आणली त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी धड बसलं नाही. आमचे हे माजरीच्या कोळसा खाणीत विजेच्या कामावर साहेब. जन्मभर सायकल, मग स्कूटर, आणि हौस आली ती एकदम लांब नाकाच्या, थंड हवेच्या मोठ्या गाडीची. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यातला एक अधिकारी नोकरी सोडून आपल्या मुलखात चालला होता. त्याची गाडी वर्षाचीही झाली नव्हती. चहा पिता पिता त्यानं हिंदीत सांगितलं, वारंटी अजून बाकी आहे, हे कार्ड ठेवा, काही बिघडलं तर कंपनी फुकट करून देईल. मी घरी येऊन म्हटलं, त्याच्याकडून लिहून तरी घ्यायचं होतं. तर हे म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाला कुठं लिहून मागायचं! उंटावरचा शहाणा नेमका माझ्याच वाट्याला आला.

आठवडाभरात गाडी खालून खडखड करू लागली. हे नागपूरला कंपनीच्या वर्कशॉपात जाऊन आले. कार्ड पहिल्या मालकाच्या नावावर आहे, वर विचारून कळवतो, असं तिथं सांगितलं म्हणे. मग जे सुरू झालं ते विचारू नका. जेवता जेवता हातातला घास तसाच ठेवून हे अंगणात जायचे, बॉनेटला कान लावून यायचे. मी पोळी लाटली तरी दचकायचे, कसला आवाज आला म्हणून. वारंटी सरायच्या आत गाडी एकदाची पुरती बिघडावी, म्हणजे काय तो निकाल लागेल, असंही त्यांना वाटायचं. लोक गाडी चालो म्हणून झुरतात, माझा नवरा ती मोडो म्हणून झुरत होता. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच. मीही चिडचिडी झाले, ते खोटं कशाला सांगू.

त्यात मामाजींच्या डोळ्यांचा घोर. माझे सासरे गडचिरोलीच्या पलीकडे, जंगलातल्या गावात एकटे राहत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आता पिकलाय, आणखी थांबलात तर डोळे हातचे जातील. पण म्हातारा हट्टी. आज धान आहे, उद्या मोह वेचायचा आहे, असं करत दोन वर्षं काढली. शेवटी म्हणाले, पोट्ट्याच्या गाडीत बसून येईन. म्हणून आम्ही न्यायला गेलो.

संध्याकाळी गाव गोळा झालं. मामाजींना दिसत नव्हतंच, ते गाडीवरून हात फिरवत होते. गाडी आत घेताना झालेली खडखड त्यांनी ऐकली होती. कसला आवाज रे, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांदेखत ह्यांची पंचाईत झाली. हे म्हणाले, काई चिंता नका करू बाबा, गाडीवर वारंटी हाये, अजून दोन-तीन महिने.

मामाजींनी हात काढून घेतला. रात्री जेवले नाहीत. मला तेवढं हळूच विचारलं, घेताना याले मालूम होतं का? माझं डोकं आधीच तापलेलं. म्हटलं, होतं ना! वारंटी आहे म्हणूनच तर घेतली. ते काठी चाचपत खाटेकडे गेले.

सकाळी खाट रिकामी. शेजारची बाई म्हणाली, धुतलेलं धोतर नेसून, काठी टेकत म्हातारा मोठ्या सडकेकडे गेला. डोळ्यांनी अधू माणूस, सडकेवर बांबूचे ट्रक. आम्ही तसेच निघालो. चाकोरीतून गाडी नुसती आदळत होती, खडखडत होती, आणि पहिल्यांदाच ह्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

मामाजी बसथांब्यावर उभे होते. ट्रक कोणता, एस्टी कोणती, त्यांना कळत नव्हतं. येईल त्या आवाजाला हात दाखवत होते. आम्हालाही दाखवला. गाडी थांबल्यावर काचेशी वाकून म्हणाले, "गडचिरोलीले जाता का, भाऊ? कोर्टात काम हाये."

ह्यांच्या तोंडून नुसतं "बाबा" एवढंच निघालं.

आवाज ओळखून मामाजी भडकले. "तू काऊन आला गाडी घेऊन? धरतील ना तुले!" मग बंडीच्या खिशातून त्यांनी घडी केलेला शेताचा कागद काढला. "माह्यावर वारंट निघालं तवा कोणी जामीन राह्यलं नाई. तुले मी राहीन."

मला आधी हसू फुटलं आणि लगेच रडू आलं. घराच्या खांबांसाठी सागवान तोडलं म्हणून त्यांच्यावर वारंट निघालं होतं. हे तेव्हा लहान, अंगणात खेळत होते. पोलिसांनी बापाला जीपमध्ये घालून नेलं आणि जामिनाला माणूस मिळेपर्यंत तो आत पडून राहिला. ती गोष्ट ह्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितली होती.

हे खाली उतरले, थांब्याच्या कट्ट्यावर बापाजवळ बसले आणि वारंटी म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं. वारंट वेगळं, बाबा, वारंटी वेगळी. गाडी बिघडली तर कंपनी जामीन राहते, असं समजा.

मामाजींनी शांतपणे ऐकलं. "मंग राह्यते का?"

"नाई, बाबा. ते कार्ड दुसऱ्याच्या नावाचं हाये. कंपनीचं पत्र आलं मले."

पत्र आलं होतं! मला बायकोला पत्ता नाही. दुसरा दिवस असता तर मी तिथंच फाडून खाल्लं असतं. पण मामाजींनी चाचपत मुलाचा हात धरला आणि त्यात तो कागद ठेवला.

"मंग हा ठेव गाडीत. हा माह्या नावाचा हाये."

आम्ही तसेच चंद्रपूरला गेलो. मामाजी पुढं बसले होते, खडखड चालूच होती. ऑपरेशननं त्यांचा एक डोळा वाचला. गाडी पुढं दोन वर्षांनी विकली. घेणाऱ्यानं वारंटीचं विचारलं तेव्हा हे सरळ नाही म्हणाले, आणि पुढच्या खणातला मामाजींचा तो कागद काढून त्यांनी खिशात ठेवला.