विटेला बांधलेला दोरा

माझा नवरा आखातात नोकरीला असतो. त्या खेपेला त्याची सुट्टी संपायला दोनच दिवस उरले होते आणि हा सकाळपासून अंगणात गाडीखाली आडवा. गाडी डावीकडे ओढते, असं मीच मागे फोनवर म्हटलं होतं. चाकांच्या बाजूने दोरा ताणायचा, पट्टीने अंतर मोजायचं आणि नट फिरवून चाकं सरळ करायची, असा त्याचा बेत होता.

"हे टोक जरा धरतेस?" त्याने विचारलं.

"अलिबागला मशीनवर करून देतात. दोन दिवस राहिलेत, तेही गाडीलाच दे!" मी फणकाऱ्याने आत गेले.

खिडकीतून पाहिलं, तर त्याने ते टोक विटेला बांधलं होतं. वीट सरकली की उठायचा, नीट लावायचा, पुन्हा आडवा व्हायचा. तरी मी गेले नाही.

तो परत गेल्यावर मी मांडव्याच्या रस्त्याला गाडी काढली. हात सैल सोडले तरी सरळ जात होती. संध्याकाळी फोनवर त्याला तसं सांगितलं.

"विटेने चांगली साथ दिली," तो हसत म्हणाला.

मला हसता आलं नाही. अख्ख्या सुट्टीत त्याने माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं.