उद्धवरावांचं लाकडी अरुणाचल

उद्धवरावांनी अरुणाचलात जमीन घेतली, ही बातमी शेजारच्या शालनबाईंनी सकाळी नळावर सोडली आणि दुपारपर्यंत ती कासारवाडीभर हिंडून आली. बाईंनी खिडकीतून कान देऊन ऐकलं होतं: "तवांग झालं, आता झिरो घेतो." जमीन कसली डोंबलाची! सागाची फळी होती. चाळीस वर्षं फाउंड्रीत धातू ओतायच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न कोरलेला गडी रिटायर होऊन आता डोंगर कोरत होता, तेही लेकीच्या हुकमावरून.

लेक तनुजा तिकडं अरुणाचलात झिरोच्या निवासी शाळेत शिकवते. वर्गात मोनपा, आपातानी, आदी, मिश्मी अशा निरनिराळ्या जमातींची पोरं. खोरं बदललं की बोली बदलते. मधले डोंगरच असे, की शेजारच्या खोऱ्यात जायचं तर पूर्वी खाली आसामात उतरून पुन्हा वर चढावं लागे.

"रुळांपलीकडच्या बहिणीकडं जायला मला पडतो तसलाच वळसा की!" तनुजाच्या आईनं, रुक्मिणीबाईंनी, लेकीचा भूगोल एका दमात गुंडाळला.

पोरांना एकमेकांची गावं बोटानं चाचपता यावीत, म्हणून हा उठावाचा नकाशा. सुट्टी संपली होती, उद्या सकाळी तनुजा निघणार होती.

आणि नकाशा न्यायच्या पेटीत बसेना! दापोडीच्या भीमराज सुतारानं पेटी सांगितल्या मापाची केली होती. घोळ उद्धवरावांचा. हात सवयीनं फाउंड्रीच्या पट्टीकडं गेला होता. ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून त्या पट्टीतला सेंटिमीटर मुळातच जरासा मोठा. सागाचे डोंगर कुठले आक्रसायला? रुंदीला पेटी सैल होती, पण लांबीला नकाशा सेंटिमीटरभर जास्त भरला.

उद्धवरावांनी रंधा उचलला, पश्चिमेच्या कडेला टेकवला.

"बाबा, तिथं मोनपांची गावं आहेत. माझ्या वर्गातली दोघं तिथलीच."

रंधा पूर्वेला गेला.

"तिकडं मिश्मी."

"मग तासू कुणाला?" म्हणत त्यांनी रंधा ठेवला आणि पेटीकडं मोर्चा वळवला. दोन बाजूंच्या मधे ठोकलेली टोकाची फळी उचकटली, तिच्या जागी जरा लांब फळी दोन्ही बाजूंच्या टोकांवर बाहेरून ठोकली. फळीच्या जाडीएवढी जागा झाली आणि अख्खं अरुणाचल अलगद आत बसलं. तनुजानं हुश्श केलं.

दारात उभ्या शालनबाईंना राहवेना. "अवो भावजी, एवढी धडपड! सेंटिमीटरभर तासलं असतं तर कुणाला कळणार होतं?"

उद्धवराव म्हणाले, "ज्याचं घर त्या सेंटिमीटरात हाय, त्याला कळलं असतं, वहिनी."