सायप्रसच्या डोंगरावर सुब्रह्मण्य

दुरून डोंगर साजरे म्हणतात. आमच्या ह्यांना तो दुरूनही दिसला नव्हता, तरी साजरा वाटायचा! हे म्हणजे वासुदेवराव, कुंभकोणच्या मेलकावेरी भागातल्या शाळेतले भूगोलाचे मास्तर. हंगामी बरं का. अकरा वर्षं हंगामी.

कुंभकोणात डोंगर कुठला? सगळा मुलूख भाताचा, पोळपाटासारखा सपाट. नाही म्हणायला स्वामीमलैच्या देवळाची टेकडी आहे, तीही माणसांनी रचलेली, साठ पायऱ्यांची. त्या साठ पायऱ्यांत हे दोनदा टेकत. आणि हा माणूस रोज जेवताना मला सायप्रस बेटावरचा ट्रूडोस डोंगर चढवी! सार वाढावं तर म्हणत, "धनलक्ष्मी, सहा हजार चारशे फूट गं! बेटाचा तिसरा हिस्सा एकट्या डोंगरानं व्यापलाय. नद्या त्याच्याच माथ्याकडून चहूबाजूंना निघतात अन् उन्हाळ्यात आटतात. हिवाळ्यात वर बर्फ, अंगावर पाइनची रानं, दक्षिणेच्या उतारावर द्राक्षं, पोटात तांबं."

"ताकही घ्या," मी म्हणे.

राणीचा हीरक महोत्सव झाला त्या वर्षी, ऐन नवरात्रात, इन्स्पेक्टर दुरै, म्हणजे गोरा साहेब, शाळा तपासायला येणार असं ठरलं. प्रत्येक मास्तरानं एक धडा काहीतरी करून दाखवायचा. पसंत पडला तर ह्यांची नेमणूक कायम. नाही पडला तर भूगोल काढून घेऊन बालवर्गात मुळाक्षरं शिकवायला बसवणार. झालं! ह्यांनी कावेरीचा गाळ आणला आणि चार हात रुंद फळीवर ट्रूडोस रचला. पंधरा दिवस सुतळीनं उंची मोजत होते, काडीनं एकेक नदी कोरत होते. एवढी निगा माझ्या बाळंतपणात कुणी राखली नाही. शेवटी फळी ठेवायला जागा कुठली सापडली, तर माझ्या कोलूसमोर. नवरात्रात आम्ही पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो, तो कोलू. त्याच्या पुढ्यात मातीचा डोंगर करायचा, त्यावर नाचणी पेरायची, माथ्यावर देव बसवायचा, ही इथली घरोघरची रीत.

तेवढ्यात ह्यांना चोळपुरमला मुलांच्या परीक्षा घ्यायला धाडलं, चार दिवस मुक्कामी. जाताना म्हणाले, "डोंगर सांभाळ."

आता सांभाळायचं म्हणजे काय हो? डोंगर बोडका. साहेब काय म्हणेल? रानं आहेत म्हणता ना, मग दिसायला नकोत? मी पाणी शिंपून नाचणी पेरली. आणि देवाशिवाय डोंगर कधी कुणी पाहिलाय? माथ्यावरच्या ओल्या मातीत आमचा सुब्रह्मण्य, म्हणजे कार्तिकस्वामी, रोवला, मोरासकट. चौथ्या दिवशी ट्रूडोस हिरवागार! शेजारणी येऊन ओवाळून गेल्या.

साहेब यायच्या दिवशी सकाळी हे परतले आणि थेट फळीशी गेले. एकही नदी दिसेना. नाचणी उपटावी तर मुळांबरोबर उतारच निघून यायला लागला. देवाला हात घातला तशी मी ओरडले, "खबरदार! मांडलेला देव विजयादशमीपर्यंत हलवायचा नाही!" ह्यांनी देवावरचा हात काढला. मग दोन हमाल बोलावून फळी जशीच्या तशी शाळेत नेली.

दुपारी आले. "काय म्हणाला साहेब?"

"छान म्हणाला."

म्हटलं, बघा! बायकोचं ऐकलं की असं होतं. शेजारीपाजारी साखर वाटून आले मी.

तिन्हीसांजेला हे देवळात गेले असताना हेडमास्तर कृष्णस्वामी आले आणि कपाळाला हात लावून ओट्यावर बसले. "अम्मा, तुमच्या यजमानांना वेड लागलंय काय? नद्या दिसत नव्हत्या, तरी ह्यांनी बोट फिरवून एकेक सांगितली. साहेब खूश! शिफारस लिहायला वही उघडली. मग विचारलं, सायप्रसवर ही मूर्ती कुणी ठेवली? मी मागून खुणावतोय, घरच्या बायकांनी म्हणा, साहेब हसून सोडून देईल. तर हे म्हणतात, मी ठेवली! साहेबानं त्याच वहीत लिहिलं, ह्या मास्तरला भूगोल आणि पुराण ह्यांतला फरक कळत नाही. सुट्टी संपली की बालवर्ग."

पेरली मी, रोवला मी, वर साखरही मीच वाटली.

हे घरी आले. मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

अंगवस्त्र खुंटीला अडकवत म्हणाले, "साहेब लिहून घेत होता गं. सरकारी वहीत तुला अडाणी म्हणून कशाला ठेवायचं?"

भूगोलाच्या तासाला हा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला, तेही माझ्यासाठी. मी पदर तोंडाला लावून रडले. पुढे एकवीस वर्षं त्यांनी मुळाक्षरं शिकवली.