सावकाश बाईंचा सोडियम

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मुलं ‘सावकाश बाई’ म्हणायची. जिना उतरणाऱ्याला सावकाश, पाणी पिणाऱ्यालाही सावकाश! प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप लावलं तरी त्या ते दोनदा ओढून बघायच्या. मी शेजारच्या वर्गात भाषा शिकवायचे आणि त्यांची यथेच्छ टिंगल करायचे. “अहो, कुलूप पळून नाही जायचं!” त्या हसायच्या आणि पुन्हा एकदा ओढून बघायच्या.

आयनिक बंध मात्र त्या फार गोड शिकवायच्या. सोडियमकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, कधी एकदा देऊन टाकतो असं त्याला झालेलं. क्लोरीनला नेमका एकच कमी. देणंघेणं झालं की दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात, तेच आपलं मीठ. त्या दिवशी त्यांनी रॉकेलच्या बाटलीतला बोराएवढा सोडियम लांबूनच दाखवला. पाण्यात पडला तर तो पेट घेतो, हे मुद्दाम गाळलं. मुलं उगाच घाबरतील, असं त्यांना वाटलं.

“बाई, क्लोरीन कुठे असतो?” एका मुलीने विचारलं.

“आपल्या टाकीच्या पाण्यातसुद्धा टाकतात की.”

तास संपला. बाई फळा पुसून वळल्या, तर टेबलावरच्या बाटलीत नुसतं रॉकेल आणि त्या मुलीचा बाक रिकामा. बाटली छातीशी धरून त्या माझ्या दारात आल्या. “टाकी,” एवढंच म्हणाल्या आणि पळत सुटल्या. मीही मागे धावले.

मुलगी शिडीच्या टोकाला होती. टाकीचं झाकण उघडं, आणि हातात रुमालात धरलेला तुकडा, पाण्याच्या अगदी वर.

“बाई, आता मीठ होईल ना?”

मी ओरडणार, तोच बाईंनी माझं तोंड दाबलं. पोर दचकली असती तर मूठ सुटली असती. बाईंचा हात बर्फासारखा गार होता.

“बाळा,” त्या अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “तो मला दे. ये खाली. सावकाश.”

त्या शब्दाला मी पहिल्यांदाच हसले नाही. एकेक पायरी करत ती उतरली. तुकडा बाटलीत पडला, बूच बसलं आणि बाईंनी तिथेच जमिनीवर बसकण मारली.

“बाई, रागावलात?”

“नाही गं. घाबरले. पाण्यात तो पेटतो. तुझे डोळे गेले असते.”

मुलगी पांढरीफटक पडली. “मग वर्गात सांगितलं का नाहीत?”

बाई बाटलीचं बूच पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिल्या.