पारंब्यांखालची पाटी

चेन्नईला येऊन समुद्र सोडून झाडं बघायला जायचं, ही कल्पना माझी नव्हे. "आई, अडयार नदीकाठी एक जुनी इस्टेट आहे. आत जंगलच आहे म्हण ना. सकाळी थोडाच वेळ उघडतात," मुलगा म्हणाला, आणि शनिवारी अण्णा नगरहून आम्ही निघालो. मी, तो आणि त्याची पाच वर्षांची लेक यामिनी. सूनबाईंना ड्यूटी होती.

खरं सांगायचं तर मला झाडांशी काही कर्तव्य नव्हतं. साताऱ्याहून मी आले ती नातीसाठी. ती आईशी तमिळ बोलते, बापाशी इंग्रजी. माझा हात धरते, माझ्या ताटातलं खाते, पण मला हाक म्हणून मारत नाही. "आजी म्हण" म्हटलं की बापामागे लपते. दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती आणि तेवढा एक शब्द ऐकल्याशिवाय जायचं जिवावर आलं होतं.

फाटकाशी पोचतो न पोचतो तोच सिरुसेरीच्या ऑफिसातून मुलाला फोन आला. "तुम्ही व्हा पुढे," म्हणून तो गाडीतच बसला. रखवालदारानं माझा चिवड्याचा डबा ठेवून घेतला आणि "मेल्ल पोंगा" (हळू जा) असं बजावलं. माझ्या गुडघ्यांकडे बघूनच म्हणाला असावा.

आत वाळूची पायवाट. दोन्हीकडे महोगनी, चिंचा, मधूनच ताडाचं झाड. हॉर्न कुठल्या कुठे राहिले. वळणावर एक जुना बंगला लागला, गोल खांबांचा, हिरव्या झडपा लावून बंद केलेला. नदीकडून खारट वारा येत होता. राहायला जागा निवडावी तर अशी, असं मनात आलं आणि सासूबाईंचं साताऱ्यातलं दोन खोल्यांचं घर आठवून हसूही आलं.

पुढे वड लागला. मूळ खोड म्हणे कधीच पडलं. आता उभ्या आहेत त्या पारंब्याच, एकेक खांबाएवढी. यामिनी एका खारीमागे पळाली, आणि नेमका माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी पारंब्यांआड एका दगडावर बसून पिन शोधू लागले.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "पाटी! पाटी!"

वर बघितलं तर खरंच डोक्यावर एक पाटी होती, तमिळमधली. पोरगी मराठी बोलली म्हणून मी हरखले. "दिसली गं! पण मला ती वाचता येत नाही," मी बसल्या जागेवरून ओरडले.

"पाटी!" आता आवाज रडवेला होता.

साडीवर कॅनव्हासचे बूट घालून फिरायला आलेल्या एक बाई थांबल्या. "अहो, ती तुम्हांस हाका मारते की," त्या म्हणाल्या. मराठीच, पण जुनी, तमिळ हेल काढून. "आम्ही तंजावरचे. तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी."

मी पिन शोधायची सोडून उठले. तरी खोड कुठे जाते? "पण इथे कुठल्याही म्हातारीला पाटीच म्हणत असतील ना?"

"म्हणतात की. पण मी तुमच्याहून थोर. मला आत्ता विचारली, 'आंटी, माझी पाटी पाहिलांत का?'"

मी तुटकी चप्पल हातात घेऊन धावले. यामिनी पायवाटेवर उभी राहून हुंदके देत होती. मला बघताच कमरेला मिठी मारून तिनं तमिळमध्ये लांबलचक तक्रार केली. एक अक्षर कळलं नाही, पण सगळी बोलणी मीच खायची होती हे कळलं. "चुकले बाई," मी म्हणाले. बाहेर येऊन आम्ही दोघींनी एका एळनीरमध्ये (शहाळ्यात) दोन नळ्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर डब्याच्या दाराशी मुलानं तिला उचलून धरलं. घरी घोकून घेतलं असणार. "आ-जी," ती म्हणाली, शाळेत हजेरी द्यावी तशी. ज्या शब्दासाठी इतका आटापिटा केला तो मिळाला, आणि मला काहीच वाटलं नाही.

"पाटी म्हण गं," मी म्हणाले.

गाडी हलली तशी ती इतक्या जोरात ओरडली की दारातल्या दोघीतिघी म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं. मी त्यांना सांगून टाकलं, "तुम्हाला नाही, मला बोलावतेय."