जोतीरामनं उचललेलं चाक

जोतीरामला राग यायला कारण लागायचं नाही, फक्त समोर माणूस लागायचा. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात तो माथाडी होता, मूळचा पाटणकडचा. पाठीवर पन्नास किलोचं पोतं असताना कुणी आडवं आलं तर तो आधी खांदा मारायचा, आणि शिवी मग सावकाश, माणूस पडल्यावर. चहावाल्याशी त्याचं साखरेवरून वाजायचं, ट्रकवाल्याशी मागचा फाळका उघडण्यावरून, आणि कुणीच सापडलं नाही तर तो स्वतःच्या चपलेला शिव्या घालायचा. टोळीतले लोक त्याला हसायचे, पण दोन हात लांब उभं राहून.

असा हा माणूस एका दिवशी राग गिळून बसला. पुढचं सगळं त्यातून झालं.

साल शहाण्णव. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. जोतीरामचा बाप सिताराम त्याच टोळीत होता. मस्जिद बंदरला बाजार होता तेव्हापासून तीस वर्षं त्यानं पाठीवर माल वाहिला होता आणि या तीस वर्षांत त्याच्या पाठीवरून एक पोतं खाली आलं नव्हतं. म्हाताऱ्याला याची एवढी घमेंड होती की गावाकडं लग्नातसुद्धा कुणीतरी हा विषय काढेपर्यंत तो जेवायला बसायचा नाही. टोळीचा एक जुना रिवाज होता, तोही सितारामनंच जपलेला. ज्याच्या धक्क्यानं पोतं पडेल त्यानं ते स्वतः उचलायचं आणि सगळ्यांच्या देखत म्हणायचं, "माझ्याकडनं पडलं." मग विषय संपला. मालक असो, मुकादम असो, म्हणायचं म्हणजे म्हणायचं.

उदयसिंह गाळ्याच्या मालकाचा एकुलता एक. वय बावीस, धंद्यात लक्ष शून्य, आणि बुडाखाली नवी कोरी यामाहा. गाळ्यांच्या मधल्या रस्त्यावर तो पुढचं चाक उचलून गाडी मागच्या चाकावर पळवायचा. हमाल बाजूला सरायचे, काही टाळ्याही वाजवायचे. टाळ्या वाजवणाऱ्यांत जोतीरामही असायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी सिताराम पोतं घेऊन ट्रककडून येत होता. पाठीवर पोतं असलं की माणसाला स्वतःच्या पायांपुढचं हातभर दिसतं, बाकी सगळं कानावर. यामाहाचा आवाज आला तेव्हा तो थांबला, आणि थांबला तिथंच चुकला. हवेतलं चाक पोत्याच्या कोपऱ्यावर आदळलं. म्हातारा गोल फिरून फरशीवर पडला आणि पोतं त्याच्या खुब्यावर. हाड मोडल्याचा आवाज तीन गाळे सोडून ऐकू गेला. उदयसिंहनं गाडी सावरली, मागे वळून पाहिलं आणि निघून गेला. उचलायला आला नाही. ते दोन शब्द म्हणायला तर नाहीच नाही.

दुपारी हवालदार वही घेऊन आला. मालक उभा होता, टोळीचा मुकादम विलास उभा होता, आणि टोळीचं सगळं काम त्याच गाळ्यावर होतं.

"कसा पडला?" हवालदारानं विचारलं.

"पाय घसरला सायेब," विलास म्हणाला. "बटाट्याचं पानी व्हतं."

हवालदारानं जोतीरामकडं पाहिलं. "तू पोरगा ना त्याचा? तू सांग."

विलासनं मागून त्याचा खांदा दाबला. जोरात नाही. नुसता हात ठेवल्यासारखा. ज्या खांद्यानं जोतीराम माणसं पाडायचा तोच तो खांदा.

"घसरले," जोतीराम म्हणाला.

सिताराम हातगाडीवर आडवा होता, शुद्धीत होता, पण त्याला कुणी विचारलं नाही. त्यानं ऐकलं.

पुढं दोन महिने इस्पितळ आणि नंतर कोपरखैरण्याची खोली. म्हातारा काठीवर उभा राहिला, पण जोतीरामशी बोलेना. पाणी हवं असलं तर बायकोला, राजाबाईला, सांगायचा, आणि राजाबाई घरात नसली तर तहानलेला राहायचा. राजाबाई दोघांच्या मधे बोलून बोलून थकली. "अवो, पोरगाच हाय न्हवं तुमचा?" ती म्हणायची. सिताराम भिंतीकडं तोंड फिरवायचा. जोतीरामला त्या भिंतीची लाज वाटायची, आणि त्याच्याकडं लाजेचा एकच उपयोग होता. तिचा राग करणं. त्यानं ठरवलं, ज्या चाकानं बाप पाडला तसंच चाक उदयसिंहच्या अंगावर घालायचं. काठीनं नाही, लोखंडी हुकानं नाही. चाकानंच.

त्यानं एक जुनी आरएक्स हंड्रेड मिळवली आणि शिकवायला सारसोळ्याचा शिवा गाठला. शिवा कोळ्याचा पोर, सकाळी खाडीत जाळं आणि दुपारी गावामागच्या मुरमाच्या रस्त्यावर गाडी. सिडकोनं तो रस्ता टाकून सोडून दिला होता. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला चिखल, आणि मधे पडायला भरपूर जागा.

"पयला गेर घालायचा," शिवा म्हणाला. "क्लच दाब, रेस दे, सोड क्लच फाटकन. उजवा पाय मागच्या ब्रेकवरशी हलवायचा नाय. गारी पाठी पराया लागली का ब्रेक दाब, चाक खाली येते. समजला?"

समजायला काही अवघड नव्हतं. अवघड होती ती जोतीरामची पाठ. गाडीचं तोंड वर उठलं की त्याचं अंग आपोआप पुढं वाकायचं, ओझ्याखाली वाकतं तसं, आणि चाक वीतभर उठून धाडकन खाली बसायचं. शिवा वल्ह्याचा मोडका तुकडा घेऊन शेजारून पळायचा आणि पाठ वाकली की तिच्यावर तो ओढायचा.

"सरल बस रं! पोता नाय उचलत तू!"

आठवडाभर मार खाल्ल्यावर पाठ सरळ झाली. मग दुसरी खोड निघाली. एकदा चाक खरंच वर गेलं, छातीच्या वर, डोक्याच्या वर, आणि गाडी मागं कलंडू लागली. अशा वेळी ब्रेक दाबायचा, तो नाही जमला तर गाडी सोडून पायांवर उतरायचं. कुणीही सोडेल. जोतीराम सोडेना. हातातलं ओझं सोडायचं नाही, हे त्याच्या हाडात बसलेलं होतं. गाडी त्याला घेऊनच उताणी पडली. हँडलनं दोन दात गेले आणि सायलेन्सर पोटरीला चिकटला. मांस जळाल्याचा वास आला तेव्हा कुठं त्याला कळलं की ते आपलंच आहे. शिवा पोट धरून हसत होता. जोतीराम रक्त थुंकत उठला आणि त्यानं शिवाच्या नाकावर ठोसा मारला. शिवानं वल्ह्याचा तुकडा त्याच्या बरगडीत घातला. दोघं चिखलात लोळले, एकमेकांचे केस उपटले, दमले, आणि शेवटी खेकड्यांच्या बिळांवर बसून एका काडीवर दोन विड्या पेटवल्या.

"उद्या येनार हायेस का?" शिवानं नाक धरून विचारलं.

"व्हय."

तो रोज गेला. सकाळी पोती वाहायची, दुपारी पडायचं. सोललेल्या कोपरांत कांद्याच्या सालीची धूळ जायची आणि रात्रभर ठणकायची. पावसाळा संपेपर्यंत त्याला चाक उचलून शंभर पावलं नेता येऊ लागलं. शिवा खूश होता, कारण इतका बदडलेला चेला त्याला पूर्वी मिळाला नव्हता. मग एक दिवस जोतीराम वाळू भरलेलं पोतं घेऊन आला. ते त्यानं रस्त्यात उभं केलं, त्यावर कोळशानं एक रेघ ओढली, कमरेइतक्या उंचीवर, आणि गाडी मागं नेली. पहिल्या खेपेला चाक पोत्याशेजारी उतरलं. तिसऱ्या खेपेला बरोबर रेघेवर. पोतं फुटून वाळू बाहेर आली.

शिवाला समजलं. "कोन हाय तो?" त्यानं विचारलं. जोतीरामनं गाडी पुन्हा मागं वळवली. शिवानं वल्ह्याचा तुकडा खाडीत फेकून दिला. "मी तुला गारी शिकवली. मानूस माराया नाय शिकवला. उद्यापासून येव नको," तो म्हणाला आणि मागं न बघता गावाकडं निघून गेला. जोतीरामला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण पोतं परत भरून त्यानं अजून चार फेऱ्या मारल्या.

ऑक्टोबरातली दुपार. बाजार उलगत आला होता. सिताराम आता टोळीत फाटकी पोती शिवायचा, दाभण आणि सुतळी घेऊन गाळ्याच्या ओट्यावर बसून. उदयसिंह रस्त्यात उभा राहून चहा पीत होता. जोतीराम कोपऱ्यावरून आला. त्यानं पयला घातला, रेस दिली, क्लच सोडला. चाक उठलं. लोक सरले, एकानं टाळीही वाजवली. उदयसिंह हसला, कपासकट हात वर करून. एवढ्या जवळून त्याला कुणाचं उचललेलं चाक आजवर दिसलं नव्हतं, नेहमी त्याचंच असायचं. तो हसत होता तोवर जोतीरामनं ब्रेक दाबला.

चाक मांडीवरून घसटत गुडघ्याखाली उतरलं. नडगीचं हाड कातडी फाडून पांढरं बाहेर आलं. कप फुटला, त्याच्या काचांवरच उदयसिंह पडला, आणि मग त्याचा आवाज फुटला. गुरासारखा ओरडत होता तो. गाडी जोतीरामसकट आडवी झाली. जोतीराम उठला. पायातून निघालेलं रक्त फरशीच्या सांध्यातून त्याच्या चपलेपर्यंत आलं, आणि त्याला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर आनंद झाला. त्यानं ओट्याकडं पाहिलं, बापाकडं. आता तरी म्हातारा बोलेल, असं त्याला वाटलं.

म्हातारा बोलला. नऊ महिन्यांनी बोलला.

"उचल," सिताराम म्हणाला.

"आबा?"

"उचल त्याला. तू पाडलास."

जोतीराम हलला नाही. सिताराम काठी टेकत खाली उतरला आणि त्यानं तीच काठी पोराच्या कानशिलावर मारली. दुसरी दंडावर, तिसरी सोललेल्या कोपरावर. म्हाताऱ्याचा स्वतःचा तोल जात होता, तरी तो मारत होता. चौथ्या फटक्याला जोतीराम खाली बसला आणि त्यानं उदयसिंहला पाठीवर घेतलं, पोतं घेतात तसं. उदयसिंहनं वेदनेनं त्याच्या खांद्याला कडकडून चावा घेतला. दात आत रुतले. बाजाराबाहेरच्या दवाखान्यापर्यंत तो चावत राहिला, जोतीराम चालत राहिला, आणि सिताराम खुरडत मागं होता. बाकी टोळी अंतर ठेवून आली.

दवाखान्यात तोच हवालदार आला, बहुधा तीच वही घेऊन. मालक अजून पोचायचा होता. जुनं प्रकरण उकरलं गेलं तर गाळ्याचं काम जाईल, म्हणून विलास मुकादम तयारच होता.

"गाडी घसरली सायेब. कांद्याचा पाला व्हता."

टोळीनं माना हलवल्या. टेबलावर पडलेल्या उदयसिंहनंही ते खोडलं नाही. जोतीरामच्या डोळ्यांकडं बघायची त्याची छाती नव्हती. हवालदार लिहायला लागला. जोतीरामनं नुसतं व्हय म्हणायचं होतं, एकदा 'घसरले' म्हणाला होता तसंच, आणि संध्याकाळी तो घरी जाऊन जेवला असता. विलासचा हात पुन्हा खांद्यावर आला, या वेळी नेमका चाव्यावर.

सिताराम दाराला टेकून उभा होता. त्यानं काठी उगारली नाही. तो फक्त पोराच्या तोंडाकडं बघत होता, दाराची चौकट घट्ट धरून. एवढा घाबरलेला बाप जोतीरामनं कधी पाहिला नव्हता, पडला त्या दिवशीसुद्धा नाही.

जोतीरामनं विलासचा हात झटकला.

"घसरली न्हाई. मी घातली," तो म्हणाला. "माझ्याकडनं पडला त्यो. मुद्दाम पाडला." मग त्याला रडू आलं, आणि रडताना तो नेहमीसारखा चिडला. "आन् आबा बी घसरले नव्हते सायेब! त्येंच्या पाठीवरनं तीस वर्सांत पोतं पडलं नव्हतं. ह्यानं गाडी घातली त्येंच्यावर. तवा मी खोटं बोललो. ते बी लिवा!"

हवालदारानं उदयसिंहकडं पाहिलं. टोळीनंही पाहिलं. उदयसिंहनं डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"ते जुनं झालं," हवालदार म्हणाला. "तुझं तेवढं लिहितो." आणि त्यानं तेवढंच लिहिलं. विलास टोळीला घेऊन बाहेर पडला. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

चौकी लांब नव्हती, पण हवालदार सितारामला म्हणाला, "तुम्ही रिक्षानं घरी जा, बाबा." सितारामनं ऐकलं नाही. तो बरोबर निघाला. भर उन्हात, मोडक्या खुब्यावर, एक पाऊल टाकून थांबत, दुसरं टाकून थांबत. हवालदारही वैतागून त्याच्याच चालीनं चालू लागला. रेल्वे पुलाच्या चढावर म्हाताऱ्याची काठी सटकली, तेव्हा त्यानं हात लांब करून पोराचा खांदा धरला. चावलेलाच खांदा होता. जोतीरामच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हू की चू करेना. म्हाताऱ्यानं हात काढून घेतला तर, अशी त्याला भीती वाटत होती.

चौकीच्या पायरीपर्यंत सितारामनं तो हात काढला नाही.